कारखान्यातील कॅमेरा : चोरी पकडण्यासाठी की जेवणाची सुट्टी मोजण्यासाठी?

मुनीम_मकरपुरा

नमस्कार. मी बडोद्याच्या मकरपुरा जीआयडीसी या औद्योगिक वसाहतीतील एका लहान अभियांत्रिकी कारखान्यात गेली अकरा वर्षे हिशेब पाहतो. एकूण चौतीस माणसे कामाला आहेत आणि त्यांपैकी नऊ स्त्रिया पॅकिंगला आहेत. दीड वर्षापूर्वी गोदामातून तांब्याच्या भंगाराची दोन पोती नाहीशी झाली, तेव्हा शेठनी आठ कॅमेरे बसवले. त्या वेळी कोणाचीही हरकत नव्हती. उलट ज्या दोघांवर संशयाची कुजबुज चालली होती, त्यांनाच सर्वांत जास्त हायसे वाटले.

पुढे काय झाले ते सांगतो. कॅमेऱ्यांचे ॲप शेठच्या मोबाइलमध्ये आले आणि गेटवरची नजर हळूहळू पॅकिंगच्या टेबलावर सरकली. चार नंबरच्या कॅमेऱ्यात ते टेबल, त्यामागचा पाण्याचा माठ आणि डबे टांगायच्या खुंट्या एवढे सगळे दिसते, आणि त्याला स्पीकरही आहे. एके दुपारी छतातून आवाज आला, "बेन, डबा झाला ना? अडीच वाजले." ज्यांना उद्देशून हे म्हटले गेले, त्यांच्या हातात घास होता. भिंतीवरच्या घड्याळात त्या वेळी दोन वाजून सोळा मिनिटे झाली होती, कारण आमच्या डीव्हीआरचे, म्हणजे चित्रण साठवणाऱ्या यंत्राचे, घड्याळ चौदा मिनिटे पुढे आहे आणि शेठ पडद्यावरची वेळ वाचत होते. त्या दिवसापासून त्या बाई माठाच्या मागे, कॅमेऱ्याकडे पाठ करून जेवतात.

गेल्या महिन्यात याहून वाईट घडले. आमचा लेथवरचा एक कारीगर आईच्या आजारपणामुळे रात्रभर इस्पितळात जागा होता आणि दुपारी स्टुलावर त्याचा डोळा लागला. त्याचे बारा सेकंदांचे चित्रण कारखान्याच्या व्हॉट्सॲप गटात आले आणि खाली हसऱ्या चेहऱ्यांची रांग लागली. तो दोन दिवस कामावर आला नाही. शेठ मनाने वाईट नाहीत. त्यांनाही ते लागले असावे, कारण त्यांनी मला बोलावून सांगितले, "तुम्ही वाचणारे लोक आहात, कॅमेऱ्याचा एक नियम लिहून द्या, भिंतीवर लावू." तो नियम काय असावा, हे विचारण्यासाठी हा धागा काढला आहे. कॅमेरे काढून टाका, असे कृपया सुचवू नये. तसे होणार नाही आणि व्हावे असे मलाही वाटत नाही.

लेथमालक_सावली

मी धागाकर्त्यांच्या शेठच्या जागी आहे, म्हणजे बडोदा जिल्ह्यातील सावली या गावी बावीस माणसांचा कारखाना चालवतो, त्यामुळे दुसरी बाजूही नोंदवतो. तीन वर्षांपूर्वी आमच्याकडे पॉवर प्रेसवर एका मुलाच्या बोटाला मोठी इजा झाली. फोरमनने मला सांगितले की मुलाने स्वतःच सुरक्षा जाळी काढली होती. मी ते खरे धरून चाललो होतो. संध्याकाळी चित्रण पाहिले, तेव्हा जाळी सकाळी फोरमननेच काढल्याचे आणि ती जमिनीवर पडून राहिल्याचे स्पष्ट दिसले. त्या मुलाची नुकसानभरपाई त्या चित्रणामुळे विनावाद मार्गी लागली. कॅमेरा नसता, तर मी एका निरपराध मुलाला दोषी धरले असते आणि आयुष्यभर मला ते कळलेही नसते.

आता मोबाइलवर बघण्याविषयी. बँक, विक्री, जीएसटी, माल पोहोचवणे हे सर्व मी एकटा पाहतो आणि अर्धा दिवस बाहेर असतो. माझे वडील शॉप फ्लोअरच्या कोपऱ्यात काचेच्या केबिनमध्ये बसून दिवसभर कामावर नजर ठेवत आणि त्यात कोणाला काही वावगे वाटत नसे. मी तेच मोबाइलवर केले, तर त्यात नेमके काय बिघडते? हे भांडण म्हणून विचारत नाही. मला खरोखर समजून घ्यायचे आहे.

जुना_गिरणीकर

सावलीकर, उत्तर तुमच्याच प्रश्नात आहे. तुमचे वडील काचेच्या आत बसत, म्हणजे कामगारालाही ते दिसत. साहेबांनी मान खाली घालून वही उघडली की खात्यात सैलपणा येई, मान वर झाली की हात चालू लागत, आणि दुपारी साहेबही डबा उघडत तेव्हा दोन्ही बाजूंना उसंत मिळे. आम्ही गिरणीत मुकादमाच्या नजरेखाली तीस वर्षे काढली, पण मुकादमाला पाठ होती, तो तंबाखू मळायला बाहेर जात असे, आणि मुख्य म्हणजे तो कोठे पाहतो आहे हे आम्हाला कळत असे. छतावरच्या कॅमेऱ्याच्या काळ्या घुमटाला ना पापणी आहे ना पाठ. शेठ अलकापुरीत घरी झोपले आहेत की ॲप उघडून बसले आहेत, हे कामगाराला कधीच कळत नाही, म्हणून तो सतत पाहिले जात असल्यासारखाच वागतो. त्या बाई माठाच्या मागे जेवतात, ते यामुळेच.

कलम_आणि_कायदा

मी बडोदा जिल्हा न्यायालयात वकिली करतो. येथे लिहितो ते सर्वसाधारण माहितीसाठी आहे, एखाद्या प्रकरणावरचा सल्ला नव्हे.

मोठा पाया सर्वांना ठाऊक आहे. २४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांच्या पीठाने पुट्टस्वामी प्रकरणात एकमताने निर्णय दिला की खासगीपण हा घटनेच्या अनुच्छेद २१ मधील जीविताच्या व स्वातंत्र्याच्या हक्काचाच भाग आहे. पण तो हक्क मुख्यतः शासनाविरुद्ध मागायचा असतो. खासगी शेठविरुद्ध कामगार थेट तो निर्णय घेऊन उभा राहू शकेल, असे समजणे भाबडेपणाचे ठरेल. तरीही त्या निर्णयातील कसोटी आपल्या कामाची आहे : हेतू रास्त आहे का, आणि त्या हेतूसाठी जेवढे आवश्यक आहे तेवढेच केले आहे का. तांब्याची चोरी थांबवणे हा रास्त हेतू आहे. जेवणाऱ्या बाईंशी छतातून बोलल्याने तांबे सुरक्षित होत नाही.

दुसरा भाग डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण अधिनियम, २०२३ चा. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले आणि मालकांवरील प्रमुख कर्तव्ये त्यानंतर अठरा महिन्यांनी लागू व्हायची आहेत. ओळखता येणाऱ्या माणसाचे डिजिटल चित्रण हा वैयक्तिक डेटा आहे, याविषयी शंका नसावी. परंतु येथे कामगारांची एक गैरसमजूत दूर करावी लागते. या अधिनियमाच्या कलम ७ मध्ये संमतीशिवाय डेटा वापरण्याची जी कारणे दिली आहेत, त्यांत नोकरीविषयक प्रयोजने आणि मालकाला नुकसानीपासून किंवा दायित्वापासून वाचवणे हेही एक कारण आहे. म्हणजे चोरी रोखण्यासाठी कॅमेरा लावताना प्रत्येकाची सही घ्यावीच लागेल, असे नाही. याची दुसरी बाजू अधिक बोचरी आहे : आपल्याविषयी कोणता डेटा ठेवला आहे हे विचारण्याचा कलम ११ चा हक्क ज्याने संमती दिली आहे, त्याच्यासाठी आहे. ज्याला संमती विचारलीच नाही, त्या कामगाराच्या हाती तो हक्क स्पष्टपणे येत नाही. म्हणूनच कायद्यात नसलेली गोष्ट भिंतीवरच्या नियमात लिहून घेण्याला महत्त्व आहे.

तरीही मालकाला सर्व मोकळे आहे, असे नाही. डेटाच्या सुरक्षिततेची वाजवी काळजी न घेतल्यास या अधिनियमात २५० कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. चौतीस माणसांच्या कारखान्याला तेवढा दंड होईल असे मी म्हणत नाही, पण व्हॉट्सॲप गटातील ते बारा सेकंद कोणत्या 'नोकरीविषयक प्रयोजना'त बसतात, हे शेठना विचारून पाहावे. स्वच्छतागृह, कपडे बदलण्याची जागा येथे कॅमेरा लावणे तर उघड गुन्ह्याच्या कक्षेत जाते. भारतीय न्याय संहितेचे कलम ७७ आणि माहिती तंत्रज्ञान अधिनियमाचे कलम ६६-ई पाहावे.

युरोपातील एक प्रकरण येथे सांगण्यासारखे आहे. स्पेनमधील एका सुपरमार्केटमध्ये साठा आणि विक्री यांचा मेळ बसेना, म्हणून व्यवस्थापकाने दाराशी उघड आणि गल्ल्याच्या वर छुपे कॅमेरे लावले. त्यातून चौदा कर्मचाऱ्यांची नोकरी गेली. लोपेझ रिबाल्डा या नावाने ते प्रकरण युरोपीय मानवी हक्क न्यायालयात गेले. २०१८ मध्ये पहिल्या पीठाने कर्मचाऱ्यांच्या बाजूने कौल दिला, पण ऑक्टोबर २०१९ मध्ये मोठ्या पीठाने तो फिरवला. चोरीचा संशय सबळ होता, चित्रण केवळ दहा दिवस चालले, ते मोजक्याच लोकांनी पाहिले आणि त्याच कामासाठी वापरले, ही त्यामागची कारणे होती. छुपे चित्रणसुद्धा जेथे टिकले, तेथे ते कशामुळे टिकले ते पाहा. आपल्याकडील उघडे कॅमेरे यांतल्या किती अटी पाळतात?

पोळा_चौक

एवढा खल कशासाठी? नेमणुकीच्या पत्रातच 'मला चित्रीकरण मान्य आहे' अशी एक ओळ घालून सही घेतली की प्रश्न मिटला.

कलम_आणि_कायदा

मिटत नाही. या अधिनियमाला अपेक्षित असलेली संमती मुक्त, विशिष्ट आणि माहितीपूर्वक असावी लागते आणि ती परत घेता आली पाहिजे. ज्याला नोकरीची निकड आहे, तो त्या ओळीवर सही करणारच, आणि उद्या 'माझी संमती परत घेतो' म्हणाला तर तुम्ही त्याच्या टेबलावरचा कॅमेरा बंद करणार आहात का? मग ज्या सहीला अर्थ नाही, ती घेण्यापेक्षा स्पष्ट सूचना लावणे अधिक प्रामाणिकपणाचे आहे.

निशिगंध_कारेलीबाग

मी एका खासगी पॅथॉलॉजी प्रयोगशाळेत काम करते. माझे दोन अनुभव आहेत आणि ते एकमेकांच्या विरुद्ध दिशेने जातात, म्हणून दोन्ही लिहिते.

आमच्याकडे स्त्रियांच्या स्वच्छतागृहासमोरच्या बोळात कॅमेरा होता. आत नव्हे, बाहेर; त्यामुळे कायद्याच्या दृष्टीने कदाचित काहीच चूक नसेल. परंतु कोण किती वेळा गेली आणि किती वेळाने आली, याची नोंद त्यात आपोआप होत होती, आणि एका बैठकीत व्यवस्थापकांनी "काहीजणी दिवसातून सात-सात वेळा जागेवरून उठतात" असे म्हटले, तेव्हा ते कोठून आले हे सर्वांना कळले. त्यांनी नाव कोणाचेच घेतले नाही, पण आमच्यातल्या एका सहकारिणीने त्या दिवसापासून पाणी पिणे कमी केले. दोन महिने पाठपुरावा केल्यावर तो कॅमेरा जिन्याच्या दिशेने वळवला गेला. जिथे कॅमेरा लावू नये अशा जागांची यादी करताना केवळ खोल्यांची नावे लिहून भागत नाही. त्या खोल्यांची दारेही त्या यादीत असावीत.

दुसरा अनुभव असा. नमुने घेऊन येणाऱ्या बाहेरच्या एका माणसाने काउंटरवर माझ्याशी गैरवर्तन केले. कॅमेरा बरोबर डोक्यावर होता. मी धीर करून नवव्या दिवशी अंतर्गत समितीकडे लेखी तक्रार दिली, आणि समितीने चित्रण मागितले तेव्हा कळले की यंत्रात फक्त सहा दिवसांचेच राहते, त्यापुढचे आपोआप पुसले जाते. २०१३ च्या लैंगिक छळ प्रतिबंध कायद्यात तक्रारीसाठी तीन महिन्यांची मुदत आहे. माझी तक्रार मुदतीत होती आणि पुरावा मात्र गेला होता. त्यामुळे 'चित्रण लवकर पुसा, तेवढे खासगीपण जपले जाते' असे कोणी म्हटले की मला ते अर्धेच पटते. पाहिले जाण्याचा त्रास जिला होतो, ती आणि पुराव्याची गरज जिला पडते, ती एकच बाई असू शकते.

लेथमालक_सावली

निशिगंधताई, आपल्या पहिल्या अनुभवानंतर मी उठून माझ्या कारखान्यातले कॅमेरे मोजून आलो. एक बोळ माझ्याकडेही आहे.

तारवाला

मी सोळा वर्षे कॅमेरे बसवण्याचे काम करतो. दांडिया बाजारापासून वाघोडियापर्यंत किती छतांवर चढलो असेन याची गणती नाही, त्यामुळे तांत्रिक बाजू सांगतो.

प्रथम साठवण. धागाकर्त्यांना दुकानदाराने 'महिनाभर राहते' असे सांगितले असेल, पण आठ कॅमेऱ्यांच्या संचात सहसा दोन टीबीची हार्ड डिस्क टाकतात. चांगल्या चित्राचा एक कॅमेरा सेकंदाला दोन मेगाबिट या हिशेबाने दिवसाला सुमारे साडेएकवीस जीबी घेतो, आठ कॅमेऱ्यांचे झाले पावणेदोनशेच्या आसपास, म्हणजे दोन टीबी अकरा दिवसांत भरते आणि जुन्यावर नवे लिहिले जाऊ लागते. निशिगंधताईंच्या प्रयोगशाळेत कॅमेरे जास्त असतील किंवा डिस्क लहान असेल. तीस दिवस हवे असतील, तर आठ कॅमेऱ्यांना सहा टीबीची डिस्क लागते. हा पैशाचा प्रश्न आहे, धोरणाचा नव्हे, आणि दुर्दैवाने बहुतेक ठिकाणी चित्रण किती दिवस ठेवायचे हे डिस्कच ठरवते.

काही मालक सांगतात की गुजरात सरकारच्या कायद्यामुळे सगळीकडे कॅमेरे लावावे लागतात. २०२२ चा तो सार्वजनिक सुरक्षेचा कायदा मोठ्या वर्दळीच्या जागांसाठी आहे आणि त्यात तीस दिवस चित्रण ठेवण्याची अट आहे. पॅकिंगच्या टेबलावर कॅमेरा लावा, असे त्यात कोठेही नाही.

दुसरे, पासवर्ड. राजकोटच्या एका प्रसूतिगृहातील स्त्री रुग्णांचे चित्रण फेब्रुवारी २०२५ मध्ये यूट्यूब आणि टेलिग्रामवर विक्रीला आल्याचे उघड झाले, तेव्हा आमच्या धंद्यातल्या लोकांना धक्का बसला, पण आश्चर्य वाटले नाही. मी दुरुस्तीला जातो तेथे दहापैकी सहा-सात यंत्रांवर यंत्र बनवणाऱ्या कंपनीने घातलेला मूळ पासवर्डच असतो, आणि बसवून गेलेल्या माणसाच्या मोबाइलमध्ये ते ॲप अजून चालू असते. माझ्याही जुन्या फोनमध्ये अशा तीन जागा निघाल्या होत्या. मी त्या काढून मालकांना कळवले. एप्रिल २०२५ पासून विक्रीच्या कॅमेऱ्यांना सुरक्षा-चाचणीचे प्रमाणपत्र सक्तीचे झाले आहे, परंतु जुन्या यंत्रांचे काय, हा प्रश्न तसाच आहे.

आता मुनीमजींच्या कामाचे. डीव्हीआरच्या सेटिंगमध्ये चित्राच्या एखाद्या भागावर काळा चौकोन टाकता येतो. तेवढा भाग ना दिसतो ना साठवला जातो. माठ आणि खुंट्या त्यात झाका. स्पीकर आणि माइक बंद करता येतात, आणि ते बंदच असावेत, कारण चोर बोलून चोरी करत नाही. तिसरी गोष्ट फारच थोड्यांना ठाऊक असते : प्रत्येक वापरकर्त्याला कोणते कॅमेरे दिसावेत, हे वेगवेगळे ठरवता येते. शेठच्या मोबाइलला गेट, अंगण आणि गोदाम एवढेच द्या. कामाच्या जागेचे चित्रण साठत राहू द्या, पण ते पाहायचे तर ऑफिसात यंत्रासमोर बसूनच पाहता येईल असे करा. आणि घड्याळ नेटशी जोडा. चौदा मिनिटे पुढे असलेल्या चित्रणावर पोलिसात किंवा न्यायालयात पहिला प्रश्न तोच येईल.

कलम_आणि_कायदा

तारवाले यांच्या शेवटच्या मुद्द्याला जोडून एकच. इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत प्रमाणपत्र लागते, हे सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये खोतकर विरुद्ध गोरंट्याल या प्रकरणात पक्के केले. तो वाद जालन्याच्या निवडणुकीचा होता आणि त्यातही प्रश्न चित्रणाचाच होता. आता ती तरतूद भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ मध्ये आहे. मोबाइलने पडद्याचे चित्रण करून व्हॉट्सॲपवर पाठवलेली फीत पुरावा म्हणून जवळजवळ निरुपयोगी आणि बदनामी म्हणून मात्र पूर्ण उपयोगी असते. शेठना हे याच शब्दांत सांगितले तरी चालेल.

जुना_गिरणीकर

मुनीमजी, नियम लिहाल तेव्हा चित्रण पाहताना कामगारांपैकी एकजण शेजारी बसला पाहिजे, हे घाला. शंभर किंवा अधिक कामगार असले की मालक आणि कामगार यांच्या प्रतिनिधींची कार्यसमिती नेमायला सरकार सांगू शकते, पण तुमच्याकडे चौतीस आहेत म्हणून आपखुशीने करायला कोणी अडवलेले नाही. आणि ज्याची चूक चित्रणात दिसते, त्याला ते आधी दाखवा, मग खुलासा मागा. आमच्या काळी आरोपपत्राशिवाय कोणाची रोजी कापता येत नसे. चित्र मिळाले म्हणून चौकशी संपली, असे होऊ नये.

मुनीम_मकरपुरा

सर्वांचे आभार. आठ दिवसांनी लिहितो आहे, कारण मधल्या काळात मसुदा शेठसमोर ठेवला आणि त्यावर तीन बैठका झाल्या.

लिहिले ते थोडक्यात असे. कॅमेरे चोरी, अपघात आणि गैरवर्तनाची तक्रार या तीनच कारणांसाठी आहेत. हजेरी, जेवणाची सुट्टी किंवा कामाचा वेग यांसाठी चित्रण पाहिले जाणार नाही. चित्रण तीस दिवस राहील, आणि कोणीही लेखी किंवा तोंडी मागणी केल्यास त्या वेळेचा भाग वेगळा काढून चौकशी संपेपर्यंत जपला जाईल. पाहायचे असेल तेव्हा ऑफिसात, दोघांनी मिळून, आणि वहीत तारीख, वेळ, कारण लिहून पाहायचे. कोणतीही फीत मोबाइलवर घ्यायची नाही. हे मी मराठीत लिहिले, पण कारखान्यात लावायला गुजराती आणि हिंदी केले, कारण वाचणारे तेच वाचतात.

शेठनी स्पीकर तेथल्या तेथे बंद करवला. चार नंबरवर काळा चौकोन बसला आणि घड्याळही बरोबर झाले. सहा टीबीच्या डिस्कवर त्यांनी बरीच घासाघीस केली, शेवटी निशिगंधताईंचा नवव्या दिवसाचा प्रसंग वाचून दाखवला तेव्हा हो म्हणाले. अडले ते मोबाइलवर. "रात्री एकदा सगळे बघितल्याशिवाय मला झोप लागत नाही," असे ते म्हणाले, आणि त्यांचे खोटे नाही. तारवाल्यांची युक्ती तेथे कामाला आली : गेट, अंगण आणि गोदाम मोबाइलवर राहिले. कामाच्या जागेचे कॅमेरे संध्याकाळी सातला शेवटची पाळी सुटल्यावर मोबाइलवर दिसतील आणि सकाळी आठपूर्वी दिसेनासे होतील, असेही त्यांना हवे होते. यंत्रात वेळेनुसार तशी सोय आहे की नाही, हे आमच्या मिस्त्रीला पाहायला सांगितले आहे. तोपर्यंत ते बंद आहेत.

व्हॉट्सॲप गटातली फीत शेठनी स्वतः काढली. माफी मागितली का, असे विचाराल तर शब्दांत नाही. त्या कारीगराच्या आईला पाहायला ते इस्पितळात जाऊन आले, एवढे मला ठाऊक आहे. नियमाचा कागद परवा भिंतीवर लागला, तेव्हा सर्वांत आधी तोच पुढे आला आणि बोट लावून शेवटपर्यंत वाचत गेला. 'दोघांनी मिळून' या ओळीपाशी थांबून त्याने विचारले, "शेठबरोबर दुसरा कोण?" कामगारांच्या वतीने बसणाऱ्याच्या नावाची जागा कागदावर कोरीच आहे. शनिवारी पगारानंतर सर्वांना विचारून ती भरायची ठरले आहे. पॅकिंगच्या बायकांनी आपल्यातले एक नाव आधीच पुढे केले आहे. ते माठामागे जेवणाऱ्या बाईंचे आहे.